मुलगा म्हणतो, "मी देशासाठी लढतोय"

"माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, कॉम्प्युटर शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. शेजारच्या देशाशी तणाव वाढल्यापासून रात्र-रात्र दार लावून बसतो. हॉलमधल्या राउटरचे दिवे पहाटेपर्यंत लुकलुकत असतात. विचारलं तर म्हणतो, 'आई, लढाई आता सीमेवर नाही, इथे आहे. आमचा हजारो जणांचा ग्रुप आहे. रोज टार्गेट येतं, आम्ही शत्रूच्या साइट पाडतो.' परवा एका बंद पडलेल्या साइटचा स्क्रीनशॉट मोठ्या अभिमानाने दाखवला. त्याचे वडील म्हणतात, यात वाईट काय, देशाचंच काम आहे. मला भीती वाटते, पण कशाची ते नीट सांगता येत नाही. त्याला अडवू का? आणि हे सायबर युद्ध खरंच असतं, की पोरांचा खेळ?" – एक आई

ताई,

अडवा. पण लॅपटॉप हिसकावून किंवा वाय-फाय बंद करून नको. तो मोबाइलच्या डेटावर तेच करत बसेल, आणि वर आई देशाच्या कामात आडवी आली हे त्याच्या डोक्यात पक्कं होईल. एकोणिसाव्या वर्षी डोक्यात बसलेलं सहजी उतरत नाही. त्याच्याशी त्याच्याच विषयातलं बोलावं लागेल, म्हणून उत्तर जरा लांबतंय. मी नोकरीची सगळी वर्षं सर्व्हर सांभाळण्यात घालवली, तेव्हा हे पत्र तुम्ही त्याच्याच हातात दिलंत तरी चालेल. चुका काढायला त्याला आवडेल.

आधी तो नेमकं काय करतोय ते पाहू. 'साइट पाडली' म्हटलं की किल्ला पाडल्यासारखं वाटतं. तुम्ही तिकिटाची खिडकी डोळ्यांसमोर आणा. पाचशे माणसं रांगेत घुसवायची, खिडकीशी पोचल्यावर प्रत्येकाने 'काही नको' म्हणायचं आणि पुन्हा रांगेच्या शेपटीला जाऊन उभं राहायचं. खिडकी फुटत नाही, गल्ला जागेवर असतो, फक्त ज्याला खरंच गाडी गाठायची आहे तो ताटकळतो. ग्रुपवर मिळालेला प्रोग्रॅम हेच काम सेकंदाला शेकडो वेळा करतो. समोरचे तंत्रज्ञ थोड्या वेळात खोटी रहदारी गाळायला लागतात आणि साइट परत उभी राहते. पुष्कळदा तर ते बाहेरच्या देशांतून येणारी रहदारी सरसकट अडवतात. मग आपल्याकडून ती साइट 'मेलेली' दिसते आणि त्यांच्या देशातली माणसं ती आरामात वापरत असतात. पण तोवर स्क्रीनशॉट काढून झालेला असतो, ग्रुपवर जल्लोष झालेला असतो.

एस्टोनियाने हा प्रकार २००७ मध्ये भोगला. एप्रिलअखेर राजधानी टालिनमधला सोव्हिएत काळातल्या सैनिकाचा ब्राँझचा पुतळा हलवला, त्यावरून दंगल झाली, आणि सरकारी खाती, बँका, वर्तमानपत्रं यांच्या साइटवर असाच लोंढा सुरू झाला. काही आठवडे तो थांबून-थांबून येत राहिला. बोट रशियाकडे दाखवलं गेलं, रशियाने हात झटकले. एवढ्या मोठ्या प्रकरणात कोर्टात दोषी कोण ठरलं, माहीत आहे? टालिनमधलाच एक २० वर्षांचा विद्यार्थी. पुतळा हलवल्याचा राग आला म्हणून त्याने पंतप्रधानांच्या पक्षाची साइट घरच्या कॉम्प्युटरवरून बंद पाडली होती. त्याला १७,५०० क्रून (तिथलं तेव्हाचं चलन) दंड झाला. बाकीचा लोंढा कुठून, कोणाच्या सांगण्यावरून आला, त्याबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. घरच्या कनेक्शनवरून उत्साहाने बसलेल्या पोराचा पत्ता मात्र सर्व्हरच्या नोंदीत तारीख-वेळेसकट उमटलेला असतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सायबर युद्ध खरंच असतं, पण ते तुमच्या मुलाच्या ग्रुपसारखं दिसत नाही.

२३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीची कंट्रोल रूम, दुपारची पाळी संपत आलेली. ऑपरेटर बघतो तर त्याच्या स्क्रीनवरचा बाण आपोआप सरकतोय. त्याने माउसला हातही लावलेला नाही. बाण एका उपकेंद्राच्या ब्रेकरच्या चित्रावर गेला आणि क्लिक झालं. 'खात्री आहे का?' अशी चौकट आली, बाणाने 'हो' दाबलं. त्या भागाचा दिवा गेला. मग पुढचं उपकेंद्र. ऑपरेटरने माउस धरून ओढायचा प्रयत्न केला, काही होईना. तेवढ्यात तो सिस्टीममधून बाहेर फेकला गेला, परत आत जायला पाहतो तर पासवर्ड बदललेला. अशा तीन कंपन्यांवर एकाच वेळी हात घातला होता आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. तक्रारीच्या फोनलाइनवर खोट्या कॉलचा मारा ठेवला होता, म्हणजे अंधारात बसलेल्यांनी फोन केला तरी लागू नये. उपकेंद्रांतली जी उपकरणं कंट्रोल रूमचा हुकूम ब्रेकरपर्यंत पोचवतात, त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर कायमचं पुसून टाकलं, म्हणजे ऑपरेटर परत आत आला तरी त्याचा हुकूम कुठे पोचू नये.

याची सुरुवात कशाने झाली होती? कित्येक महिने आधी कचेरीतल्या लोकांना आलेल्या एका ईमेलने. सोबत वर्डची फाइल, उघडल्यावर 'मॅक्रो (म्हणजे फाइलमध्येच दडलेला छोटा प्रोग्रॅम) चालू करा' अशी सूचना. कुणीतरी ते चालू केलं. मग हल्लेखोर महिनोन्‌महिने आत बसून राहिले. पासवर्ड गोळा केले, यंत्रणा कशी चालते ते शिकून घेतलं. ना स्क्रीनशॉट, ना जल्लोष. आणि वीज परत कशी आली? माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी ब्रेकर हाताने चढवले. एक ते सहा तासांत पुरवठा सुरू झाला. हाताने चालवायची जुनी सोय आणि ती जमणारी माणसं शिल्लक होती म्हणून निभावलं. राष्ट्रीय सुरक्षेवर बोलताना लोक क्षेपणास्त्रांच्या गोष्टी करतात. मला तो ब्रेकर चढवणारा लाइनमन आठवतो.

तर खरा हल्लेखोर दाराशी आरडाओरडा करत नाही. तुमच्या मुलाच्या ग्रुपने उद्या समजा एखादं महत्त्वाचं टार्गेट गाठलंच, तर काय होईल? समोरचे सावध होतील, सगळे पासवर्ड बदलतील, भोकं बुजवतील. आपल्या देशाचं कुणी त्याच यंत्रणेत गुपचूप कान लावून बसलं असेल, तर त्याचं वर्षभराचं काम आपल्याच पोरांनी एका रात्रीत मातीत घातलं. आणि कुणी बसलं असेल तर ते या पोरांना सांगायला येणार नाही. हे त्याच्या वडिलांना जरूर सांगा.

पण माझी खरी काळजी याहून वेगळी आहे. तुम्हाला नीट सांगता न येणारी भीती बहुधा तीच असावी.

फेब्रुवारी १९९८. शस्त्र-तपासणीवरून इराकशी वाद पेटलेला, अमेरिका आखातात सैन्य जमवत होती. नेमकं त्याच वेळी अमेरिकी लष्कराच्या कॉम्प्युटर्समध्ये कुणीतरी एकामागून एक शिरायला लागलं. माग काढला तर काही धागे आखाती देशातल्या इंटरनेट कंपनीतून जाणारे. पेंटागॉनमध्ये धाबं दणाणलं. इराक आपली मोहीम सुरू होण्याआधीच ती खिळखिळी करतोय, अशी शंका थेट वरपर्यंत गेली. चौकशीअंती सापडले कोण? कॅलिफोर्नियातली दोन शाळकरी मुलं आणि त्यांना धडे देणारा इस्रायलमधला १८ वर्षांचा मुलगा. त्या प्रकरणाला 'सोलर सनराइज' म्हणतात. मुलांना युद्ध वगैरे काही करायचं नव्हतं. पण चौकशी आणखी थोडी लांबली असती आणि कुणाचा तोल गेला असता तर?

तोफगोळा आला की कुठून आला ते मोजून काढता येतं. नेटवरून आलेल्या हल्ल्याचं तसं नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांपर्यंत सगळं अडवून धरलं. त्यामागे उत्तर कोरिया आहे असं अमेरिका आणि ब्रिटन डिसेंबरमध्ये उघडपणे म्हणाले. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या वेळी जो हल्ला झाला, त्याच्या कोडमध्ये तर दुसऱ्याच देशाकडे बोट जावं म्हणून मुद्दाम खोट्या खुणा पेरल्या होत्या. पुढे अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचरांवर आरोपपत्र ठेवलं. शोध लागायला महिने लागतात आणि तणावाच्या दिवसांत निर्णय घ्यायला काही तास मिळतात. त्या तासांत समोरच्या देशातला कुणी अधिकारी स्क्रीनकडे बघत असतो. आपल्याकडच्या पत्त्यावरून त्याच्या इस्पितळावर, रेल्वेवर, बँकेवर मारा होताना त्याला दिसतो. पलीकडे दुसऱ्या वर्षाची परीक्षा बुडवून बसलेलं पोर आहे की गणवेशातला माणूस, हे त्याला दिसत नाही. आपल्या भूमीवरून दुसऱ्याला असा उपद्रव जाणूनबुजून होऊ देऊ नये, असं संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये मांडलेल्या नियमांत आहे. पोरांनी केलेलं देशाच्या खात्यावर मांडायला समोरच्याला तेवढं निमित्त पुरतं. तुमच्या मुलाला वाटतं तो देशाच्या बाजूने लढतोय. माझ्या मते तो देशाच्या सहीचा कोरा कागद अनोळखी माणसांच्या हातात देतोय.

घाईतली शंका किती सहज पसरते ते मी स्वतः पाहिलंय. अशाच तणावाच्या दिवसांत मी काम करत होतो तिथले सर्व्हर रात्री दोन वाजता एकापाठोपाठ एक बंद पडायला लागले. साहेबांनी 'हल्ला झाला' म्हणून वर कळवूनही टाकलं. आम्ही चौघं घामाघूम. पहाटे सापडलं की एका प्रोग्रॅमने नोंदी लिहून-लिहून डिस्क भरून टाकली होती. ती साफ करायला वीस मिनिटं लागली, वर पाठवलेला 'हल्ला' परत बोलवायला दोन दिवस. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बसले, विमानं खोळंबली, तेव्हाही पहिल्या तासांत हाच प्रश्न जो तो विचारत होता. तो हल्ला नव्हता. अशा वातावरणात हजारभर हौशी पोरं धूर सोडत असली, तर आग कुठे लागलीय ते कुणी शोधायचं?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. बहुतेक देशांत दुसऱ्याची यंत्रणा मुद्दाम बंद पाडणं हा गुन्हा आहे, आणि 'ती शत्रूची होती' हा बचाव कायद्यात लिहिलेला नसतो. प्रत्यक्ष युद्ध चालू असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं. लढाईत थेट भाग घेणाऱ्या नागरिकाला नागरिक म्हणून मिळणारं संरक्षण तेवढ्यापुरतं उरत नाही. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या तज्ज्ञांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये खास नागरी हॅकर्ससाठी ८ नियम मांडले: नागरी ठिकाणांवर हल्ला नको, इस्पितळांना हात लावू नका, आपोआप पसरणारी हत्यारं वापरू नका, वगैरे. आणि समोरचा नियम पाळत नसला तरी तुम्ही पाळा. तो पसरणाऱ्या हत्याराचा नियम उगीच नाही. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सोडलेला 'नॉटपेट्या' हा आपोआप पसरणारा विध्वंसक प्रोग्रॅम सीमा ओलांडून डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीत घुसला. त्यांना ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. कंपनीच्या नेटवर्कचा मुख्य नकाशा जगभरात एकाच ठिकाणी शाबूत सापडला, घानामध्ये. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती!

आज जेवताना त्याला एवढंच विचारा: काल टार्गेट काय होतं, आणि ती साइट वापरतं कोण? आवाज चढवू नका, खरंच उत्सुकता असल्यासारखं विचारा. मग दुसरा प्रश्न: टार्गेटची यादी पाठवतं कोण? 'ॲडमिन' असं उत्तर येईल. त्या ॲडमिनला कुणी पाहिलंय? तो आपल्याच देशातला आहे हे कशावरून? सैनिकाला हुकूम देणारा माणूस ठाऊक असतो, आणि चुकलं तर जाब त्या माणसालाही द्यावा लागतो.

तिसरा प्रश्न त्या प्रोग्रॅमबद्दल. २०२२ मध्ये युक्रेनच्या बाजूने लढू पाहणाऱ्या हौशी मंडळींना टेलिग्रामवर असाच 'साइट पाडायचा' प्रोग्रॅम वाटला गेला. सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा-संशोधन गटातल्या लोकांनी तो उघडून पाहिला तर तो चालवणाऱ्याचेच पासवर्ड आणि क्रिप्टोची पाकिटं चोरत होता. तुमच्या मुलाने फुकट मिळालेली, आतलं कोड न पाहिलेली फाइल अँटिव्हायरस बंद करून चालवली आहे का, हे त्याला विचारा. अँटिव्हायरस बंद करायला ग्रुपवरच सांगतात, म्हणून म्हणतो. तुमची बँकेची कामं त्याच लॅपटॉपवर होत असतील तर हा प्रश्न आजच विचारा.

उत्तरावर पुढचं ठरेल. नुसता ग्रुपमध्ये असेल तर बाहेर पडावं, विषय मिटला. प्रोग्रॅम चालवला असेल तर बाहेर पडून, महत्त्वाच्या फाइल बाजूला काढून, ऑपरेटिंग सिस्टीम पुसून नव्याने टाकावी आणि घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदलावेत. पण त्याने कुणाच्या यंत्रणेत प्रत्यक्ष शिरकाव केला असेल, तिथलं काही उतरवून घेतलं असेल, किंवा चौकशीची काही चाहूल लागली असेल, तर लॅपटॉपला हात न लावता आधी वकिलाकडे जा. घाबरून पुसापुशी केली तर तो पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा होऊन बसू शकतो.

एवढं सगळं 'नको' सांगितल्यावर तो विचारेल, मग मी करू काय, गप्प बसू? तुमच्या मुलाला देशासाठी काही करावंसं वाटतं यात मला काहीच वावगं दिसत नाही.

एस्टोनियाकडेच परत जाऊ. ज्या देशाने त्या विद्यार्थ्याला दंड केला, त्याच देशाने तशाच हौशी, हुशार माणसांना रीतसर कामाला लावलं. त्यांच्या स्वयंसेवी संरक्षण दलात सायबर डिफेन्स लीग आहे. तिथे बँकेतले, टेलिफोन कंपनीतले, कॉलेजातले लोक आपापली नोकरी-अभ्यास सांभाळून बचावाचा सराव करतात. घेण्याआधी माणसाची पार्श्वभूमी तपासली जाते. टालिनमध्येच २००८ मध्ये नाटोशी जोडलेलं सायबर संरक्षण केंद्र सुरू झालं. तिथे दरवर्षी 'लॉक्ड शील्ड्स' नावाचा सराव होतो. बेरिलिया नावाचा काल्पनिक देश, त्याच्यावर खरोखरच्या हत्यारांनी हल्ला, आणि संघांनी त्याची वीज, पाणी, बँका चालू ठेवायच्या. गुण बचावाचे मिळतात. मुलाला त्याबद्दल वाचायला सांगा. अशा बचावाच्या स्पर्धा लहान प्रमाणावर विद्यार्थ्यांसाठीही असतात. शिवाय कित्येक संस्था आपल्या यंत्रणेतल्या त्रुटी कळवण्याचा रस्ता उघड जाहीर करतात. ठरवून दिलेल्या हद्दीत राहून त्रुटी शोधायची, त्यांनाच कळवायची, काही ठिकाणी पैसेही मिळतात. फक्त ती हद्द वाचल्याशिवाय हात लावायचा नाही.

हे काम कंटाळवाणं वाटेल. वाटू दे. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर आपलं नेहमीचं काम करत होता. दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं त्याला जाणवलं. दुसरा कुणी असता तर चहा प्यायला उठला असता. हा खोदत बसला. निघालं असं की, 'एक्सझेड' नावाच्या, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या असंख्य मशीनवर असणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. बसवणाऱ्याने त्यासाठी दोनेक वर्षं इमानदार मदतनीस बनून विश्वास कमावला होता. तो माणूस खरा कोण ते आजही उघड झालेलं नाही. जगभर पसरायच्या आत ते पकडलं गेलं, अर्ध्या सेकंदाचा हिशेब मागणाऱ्या एका माणसामुळे. तुमच्या मुलाला रात्री जागायचीच सवय असेल तर ती तिथे लागू दे.

आणि सुरुवात घरातून करायची तर त्याच्यासाठी एक काम आहे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने शेकडो जुनाट राउटर साफ केल्याचं जाहीर केलं. छोट्या कचेऱ्यांतले आणि घरांतले, कंपनीने अपडेट देणं कधीच थांबवलेले. अमेरिकेचं म्हणणं असं की चीनचे सरकारी हॅकर त्यांच्या आडून तिथल्या वीज-पाण्याच्या यंत्रणांकडे वाट काढत होते. मालकांना पत्ताही नव्हता. तुमच्या हॉलमधला तो लुकलुकणारा राउटर किती वर्षांचा आहे? त्याचं शेवटचं अपडेट कधी झालं? आणि खाली चिटकवलेल्या कागदावरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड अजून तोच आहे का? सैनिकसाहेबांना विचारा. बहुतेक तोच असेल.